साक्षीचं नाणं

चिंगीच्या घरात रडायचं असेल तर जिन्यात जावं लागे. नियम बाबांचा. डोळ्यांतलं पाणी शेवटी पाणीच. ते हवेत मिसळतं, हवेतून कपाटात शिरतं आणि आतल्या नाण्यांवर जाऊन बसतं, असं त्यांचं शास्त्र होतं. गुडघा फुटला, परीक्षेत दांडी उडाली, मैत्रिणीशी बिनसलं, चिंगीने जे काय रडून घेतलं ते जिन्याच्या मधल्या पायरीवर.

बाबांची नोकरी दुकानदारांचे तराजू तपासायची. दुसऱ्याच्या मापात खोट काढायची सवय ते संध्याकाळी घरी घेऊन येत. नाण्यांचं कपाट लोखंडी होतं, कारण लाकूड म्हणे आतून आंबट वाफा सोडतं. प्रत्येक नाणं आपापल्या कागदी पाकिटात आणि भोवती ओल शोषणाऱ्या पुड्या. त्या पुड्यांसाठी बाबा चपलांच्या दुकानात जाऊन, चपला न घेता, रिकामे खोके धुंडाळत. भिंतीवर हवेतली ओल दाखवणारा काटा होता. तो जरा चढला की आईचा स्टोव्ह गॅलरीत. रबरबँड, लोकर आणि अंडी यांना तर घरबंदीच, त्यांच्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते म्हणून. बोटांचा घाम लागू नये यासाठी बाबा घरात कायम पांढरे सुती हातमोजे घालून वावरत.

"कपाटाला सर्दी होते ना, म्हणून मी वाऱ्यात उभी," आई येईल त्याला सांगे.

कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिची परीक्षा. लख्ख घासलेलं एक साधं चांदीचं नाणं तिच्याशेजारी डब्यात बंद करून ठेवायचं. हे साक्षीचं नाणं. ते काळवंडलं की वस्तू बाद. नवे पडदे असे बाद झाले. आत्याने आणलेला गालिचा बाद झाला. आत्याही थोडक्यात वाचली.

अशा घरात चिंगीने एके दिवशी सांगून टाकलं, की तिला लग्न करायचंय आणि मुलाचं अंड्यांचं दुकान आहे.

"अंड्यांचं?" बाबांनी खुर्चीचा हात धरला.

"घाऊक," चिंगी म्हणाली. घाऊक म्हटल्याने मामला सुधारेल असं तिला का वाटलं, देव जाणे.

"मुलगा चांगला असेल गं. पण तो इथे येणार, बसणार, श्वास घेणार!"

"मग काय श्वास बाहेर ठेवून येऊ दे त्याला?"

बाबांनी यावर खरोखरच थोडा विचार केला. चिंगीच्या डोक्यात तिडीक गेली. पळून जाऊन लग्न करणं तिला सहज जमलं असतं. पण बाबांनी मनापासून हो म्हणावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि आपल्या या हट्टाचाच तिला राग येत होता.

"साक्षीचं नाणं लावू," बाबा शेवटी म्हणाले. "कापडी पिशवीत घालून महिनाभर गळ्यात बांधू दे त्याला. नाणं गोरं राहिलं तर माझी ना नाही."

"चालेल. पण तुम्हीही एक बांधायचं. तपासायला प्रमाण माप लागतं ना? ते तुम्ही."

प्रमाण माप म्हटल्यावर बाबांची कळी खुलली.

अंडीवाला आला आणि त्याने निमूटपणे मान पुढे केली. "आंघोळीला काढू का?" एवढंच त्याने विचारलं. दुकानात गिऱ्हाइकांनी छेडलं की तो म्हणे, "सासरे तपासतायत." सासरे अजून झाले नव्हते, पण माणूस आशावादी होता.

महिना सरला. बाबांनी टेबलावर काळी मखमल पसरली, भिंग घेतलं आणि अंडीवाल्याची पिशवी उघडली. नाणं लख्ख होतं. बाबांनी ते उलटं केलं, कडेने फिरवलं, हुंगलंसुद्धा. मग स्वतःची पिशवी उघडली.

आतून निघालं ते कोळशासारखं काळं.

"अगंबाई," आई म्हणाली.

बाबांच्या तोंडावर सगळा हिशोब दिसत होता: एवढं जपूनही कपाटातल्या नाण्यांवर पडलेले डाग, त्या डागांसाठी बाद झालेले पडदे, गालिचा, गॅलरीतला स्टोव्ह. घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी तपासली होती, स्वतःला सोडून.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. कपाटाची किल्ली त्यांनी अंडीवाल्यापुढे ठेवली, हातमोजे काढून तिच्याशेजारी ठेवले आणि ते जिन्यात निघून गेले.

"म्हणजे आता स्टोव्ह आत घ्यायला हरकत नाही," म्हणत आई गॅलरीकडे वळली.

चिंगी बाहेर आली. बाबा मधल्या पायरीवर बसून रडत होते.

"सरका. माझी जागा आहे ती."

ते सरकले. "तुला इथे पाठवायचो," ते म्हणाले. "एवढीशी होतीस. आणि खोट माझ्यातच होती."

आता चिंगीलाही रडू फुटलं. सवयीने ती जिन्यात जायला उठली आणि मग लक्षात आलं की आपण जिन्यातच आहोत. बाबांनी तिला खाली बसवलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. मोज्याशिवायचा त्यांचा हात तिने आजवर अनुभवलाच नव्हता. तो गरम होता आणि चांगलाच ओला.

"घाम लागेल," म्हणत त्यांनी तो काढून घेतला.

"ठेवा हो. मी काही चांदीची नाही."

त्यांनी हात परत ठेवला.

तेवढ्यात आतून अंडीवाला घाबराघुबरा ओरडला, "काटा चढतोय! आईंनी चहाचं आधण ठेवलंय! काय करू?"

बाबांनी गालावरचा हात हलवला नाही.

"चढू द्या, जावईबापू," ते ओरडले. "आमचा चहा इकडेच आणा."