पाच गाद्यांची ढकलगाडी

मी एक जुनी ढकलगाडी आहे आणि सध्या शाळेच्या बसशेडमागे, मोडक्या बाकांच्या शेजारी गवतात पडून आहे. मला गाडी म्हणतात, पण चाकं नाहीत. खाली दोन जाड लोखंडी पट्ट्या आणि पुढे छातीच्या उंचीवर पाच गाद्या, एवढंच माझं अंग. मित्रांनो, माझ्याकडे तुम्ही दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या कार्व्हर्स मिल गावानेही कधी पाहिलं नाही, तेव्हा तुमच्यावर कशाला रागावू? राग आहे, पण तो दुसऱ्यांवर, आणि तो मी लपवणार नाही.

गावच्या ओतशाळेतले कारागीर अँड्र्यू हुडाक यांनी सुट्टीच्या दिवसांत खपून मला जोडलं. तरुणपणी ते शाळेच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळले होते. आमचा फुटबॉल हाताने फेकून खेळायचा, आणि त्यातली फळी म्हणजे वाकून उभी राहणारी पाच दांडगी पोरं. खेळ सुरू झाला की चेंडू त्यांच्या मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे जातो आणि समोरचे गडी त्याला आडवं करायला धावून येतात. चेंडू लांब फेकायला त्याला तीन सेकंद लागतात. ते तीन सेकंद या पाच जणांनी अंगावर घ्यायचे. टाळ्या क्वार्टरबॅकला. या पाचांचं नाव निघतं ते चूक झाली तरच.

हे अंगावर घेणं त्यांना शिकवलं मी. कोच पीट डोर्चक माझ्या पाठीवर उभे राहायचे, शिट्टी वाजायची आणि पाच खांदे एकदम माझ्या गाद्यांवर आदळायचे. एकाने जरी अंग चोरलं तरी मी तिरकी व्हायचे. लबाडी तिथल्या तिथे उघडी पडायची. मग डोर्चक सगळ्यांना परत पहिल्या रेषेवर पाठवायचे.

आमच्याकडे एक रीत होती. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की पहिल्या दिवशी क्वार्टरबॅकने फळीतल्या एकाची जागा घेऊन मला अख्खं मैदान ढकलायचं. ज्याची जागा घेतली, तो कोचच्या ऐवजी माझ्यावर उभा राहून त्याला हवं ते बोलायचा. 'आजीला घेऊन चाललायस का रे? जरा जोर लाव!' पोरं हसून लोळायची. मोठमोठे हिरो मैदानाच्या टोकाला जाऊन ओकलेत, मी पाहिलंय. पण त्यानंतर वर्षभर ते फळीतल्या पोरांशी नीट वागायचे.

डोर्चक निवृत्त झाले, लॅनिंग नावाचे नवे कोच आले आणि त्याच वर्षी ब्राइस टॅलबट क्वार्टरबॅक झाला. पोरगा खरंच गुणी होता, खोटं कशाला बोलू? साठ यार्डांवर चेंडू असा टाकायचा की घेणाऱ्याने नुसते हात पुढे करावेत. मोठ्या कॉलेजांची माणसं आपल्या संघासाठी त्याला पाहायला येऊ लागली. असल्या सोन्याच्या खांद्याला गाडी ढकलायला लावायची? छे! लॅनिंगनी रीत मोडली. पुढे माझा सरावही निम्मा केला, मग बंदच केला. सगळा वेळ फेकाफेकीला.

ब्राइस उजव्या हाताने फेकायचा, म्हणजे फेकताना डाव्या अंगाकडे त्याची पाठ व्हायची. ती बाजू सांभाळायचा रोमन हुडाक, अँड्र्यूंचा नातू. अंगाने थोराड, बोलायला कमी. पहिले तीन सामने कच्च्या संघांशी होते आणि ते आम्ही सहज जिंकलो. ब्राइसची छाती फुगली. मला ओढून शेडकडे नेत होते तेव्हा तो रोमनला म्हणाला, "तू नुसता उभा राहा रे, बाकी मी बघतो."

चौथा सामना ग्रेटनशी होता. त्यांची पोरं दांडगी आणि चपळ. त्या आठवड्यात रोमन लॅनिंगना घेऊन शेडपाशी आला, माझ्यावर हात ठेवला आणि रोज अर्धा तास तरी फळीला द्या म्हणाला. पाय जड झालेत, पाचांचा मेळ सुटलाय, ग्रेटन आम्हाला फोडून काढेल, सगळं सांगितलं. लॅनिंगना ते झोंबलं. कोच तू आहेस की मी, असं विचारून त्यांनी ब्राइसला हाक मारली.

"याच्या जागी ल्यूक वार्गा खेळला तर तुझं काही अडेल का?"

ब्राइसने खांदे उडवले आणि तो चेंडू झेलत निघून गेला.

ल्यूक सोळा वर्षांचा, पळायला वाऱ्यासारखा, पण माझ्या गाद्यांना त्याचा खांदा चार वेळाही लागला नव्हता. शनिवारी दुपारी सामना झाला. कुंपणाच्या जाळीतून मला अर्धं मैदान दिसत होतं. ल्यूक दोनदा पडला, दोनदा उठला. तिसऱ्यांदा ग्रेटनचा गडी त्याला वळसा घालून गेला. ब्राइस लांब पाहत होता, हात मागे घेतलेला. मागून धडक बसली आणि त्याचा पाय अंगाखाली भलत्याच बाजूला वळला. रोमन बाकावरून उठून धावला, पण आता धावून काय उपयोग होता?

रविवारी गावात एकच बोलणं, फळीने पोराचा घात केला. रीत कुणी मोडली, सराव कुणी बंद केला, हे कुणी विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी दुपारी रोमन मला एकटाच ढकलत होता. लॅनिंगनी त्याला गुपचूप परत घेतलं होतं. एकट्याने ढकलली की मी तिरकी होते. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूने लावायचा. तिथे ब्राइस कुबड्यांवर आला.

"डॉक्टर म्हणतात, चालता येईल," तो म्हणाला. "खेळता नाही येणार."

"फार वाईट झालं," रोमन म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"लोक तुलाही बोलतायत. तू मैदानात नव्हतास, हे मी सांगतो सगळ्यांना."

"मला कशाला वाचवतोस? ल्यूकच्या दारावर काल अंडी मारली लोकांनी. त्याची आई सकाळी दार पुसत होती. त्याच्याबद्दल सांग." मग म्हणाला, "कोचने तुला विचारलं होतं, ब्राइस. तुझा एक शब्द पुरला असता."

ब्राइस कुबडीच्या टोकाने माती उकरू लागला.

"मला वाटलं, तिथे कुणीही उभा राहील."

रोमन माझ्याकडे वळला. खांदा लावून मला पुन्हा ढकलू लागला.

मित्रांनो, हंगाम संपल्यावर शाळेत मोठं जेवण झालं. ब्राइसचा खेळातला सदरा गौरव म्हणून काचेत लावला. दुसऱ्या दिवशी गवत कापायला आलेली माणसं माझ्याशेजारी बसून त्याच्या भाषणाबद्दल बोलत होती. त्याने कोचचे आभार मानले, आईचे मानले, देवाचे मानले. लोकांचे डोळे ओले झाले म्हणे. ल्यूकने तोवर संघ सोडला होता. शाळेत तो जेवायला एकटाच बसायचा.

माझ्या गाद्या फाटल्यात, पट्ट्या गंजल्यात. मला रंग द्या, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. मागणं एवढंच आहे की तुमच्यासाठी कुणी रोज मार खात असेल तर त्याला जपा, आणि त्याची जागा काढून घेत असतील तेव्हा खांदे उडवू नका. तोंड उघडा, आणि तेव्हाच उघडा. नंतर बोलू, असं ठरवणारे पुष्कळ असतात. ब्राइस तर नंतरही बोलला नाही.