दोघांनी पडतं घेतलं

प्रयोगशाळेच्या एका टोकाला तीन रेडिओ बोलायचे, दुसऱ्या टोकाला तीन ऐकायचे, आणि मधोमध स्टुलावर ठेवलेला चार अँटेनांचा डबा इकडचं तिकडे पोचवायचा. तिघे एकदम बोलले की पलीकडे नुसता कालवा. कुणाचा आवाज कुठल्या दिशेला किती जोराने सोडायचा, हे नवरा ठरवी. पोचलेल्या कालव्यातून कुणी काय वेचायचं, हे बायको. नवराबायकोला एका खोलीत काम देऊ नये, असं विभागात सगळ्यांचंच मत होतं.

मोठ्या बाईंचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, तर फारच होतं. "शुक्रवारी दुपारी तिन्ही आवाज स्वच्छ आले तर ठीक," त्यांनी बजावलं होतं, "नाहीतर डबा कपाटात आणि तुम्ही दोघं दोन इमारतींत."

बायकोला दोन इमारती मुळीच नको होत्या. भांडली तरी समोरच्या टेबलाशी हा माणूस दिसायला हवा, असं तिचं होतं.

त्यात सोमवारी दोघांची जुंपली. तो म्हणे तुझी बाजू कच्ची, ती म्हणे तुझी. मग अबोला. संध्याकाळपर्यंत तिचा राग निवळला, पण आपण होऊन बोलायचं म्हणजे नाक खाली. म्हणून तिने गुपचूप त्याच्या सेटिंगला जुळेल अशी आपली बाजू बदलली. सकाळी आवाज आणखी फाटले. तिने पुन्हा जुळवून घेतलं, पुन्हा तेच. काम रोज बिघडतच चाललं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत न राहवून तिने त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावलं.

"तू रोज बदलतोयस?"

"तुझ्या आदल्या दिवशीच्या आकड्यांना जुळवून घेतोय," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "म्हटलं, आपणच पडतं घ्यावं."

"अरे देवा. मीही तेच करतेय."

अरुंद जिन्यात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं एकाच बाजूला सरकत राहावीत, तशातली गत. एकाने थांबायचं, दुसऱ्याने सरकायचं, मग पाळी बदलायची: हा नियम दोघांनी विद्यार्थ्यांना घोकवून घोकवून शिकवला होता. असला गाढवपणा शिकलेल्यांनाच जमतो.

"आता माझी पाळी. तू हात लावायचा नाहीस," ती म्हणाली.

मग त्याची पाळी, मग पुन्हा तिची. फेऱ्या होत गेल्या तसे दोन आवाज लख्ख झाले. तिसरा मात्र खरखरत राहिला, आणि तिची पाळी अर्ध्यावर असतानाच मोठ्या बाई दारात उभ्या. नवऱ्याचा हात कीबोर्डकडे गेला. घुटमळला. मग त्याने तो खिशात कोंबला आणि छताकडे बघत बसला. तिची बोटं चालत राहिली. खरखर विरली, आणि तिसरा आवाज कुणी शेजारी बसून बोलावं तसा ऐकू आला.

"कुणी जमवलं हे?" बाईंनी विचारलं.

"ह्याने."

"काय केलं याने?"

"काहीच नाही," ती अभिमानाने म्हणाली. "आणि ते त्याला किती जड गेलं, ते मला विचारा."