भागीरथीच्या कंबरेवरचा डाग

मी गॅमा कॅमेरा बोलतोय. लग्नात गळ्यात अडकवून मिरवतात त्या चिमुकल्यांशी माझी बरोबरी करू नका. अहो, मी वजनानं म्हशीला भारी! आधी माणसाच्या नसेत किरण सोडणारं थोडंसं औषध देतात. ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथून निघणारे किरण मी टिपतो. जिथं रोग, तिथं औषध जास्त गोळा होतं आणि माझ्या चित्रात काळा डाग उमटतो. माझ्या तोंडाशी शिशाची बारीक जाळी आहे, त्यामुळे माझी नजर भलती तिखट.

माझ्या गोतावळ्यातले काही बंदरांवर नोकरीला आहेत. बंद पेटी न उघडता आतला चोरटा माल दाखवतात. मी मात्र दवाखान्यात रमलो. सत्त्याण्णव साली सुरतेत आलो तेव्हा माझ्यासाठी खोलीचं दार फोडावं लागलं होतं.

त्याच वर्षी सुरतेजवळच्या डिंडोलीहून भागीरथी आली. तिचा नवरा धुडकू कापडाच्या लूमवर कामाला. तिच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर सुषमाबेननी स्पष्टच सांगितलं होतं, "रोग हाडांत उतरला नसेल तर ऑपरेशन करू, बाई बरी होईल. उतरला असेल तर चिरफाड करून उपयोग नाही."

सकाळी इंजेक्शन झालं. तीन तासांनी मला चालवणाऱ्या योगराजनं तिला माझ्याखाली झोपवलं. कवटी स्वच्छ, बरगड्या स्वच्छ, मणके स्वच्छ. मी खुशीत होतो. आणि उजव्या कंबरेवर हा टपोरा काळा डाग!

योगराजचा चेहरा पडला. दाराच्या काचेतून धुडकूनं तो पाहिला आणि काय ते ओळखलं. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. पण दिसलं ते दाखवायचं, हा माझा धर्म.

योगराज मात्र चिवट गडी. त्यानं माझं तोंड वळवून कुशीकडून चित्र घेतलं. डाग हाडाच्या बाहेर, चांगला दोन बोटं पुढं! एखाद्या अधू नजरेच्या कॅमेऱ्यानं तो हाडालाच चिकटवला असता. मी अंतर नेमकं दाखवलं.

"माय, कंबरले काय शे?" त्यानं तिच्याच अहिराणीत विचारलं.

भागीरथी ओशाळली. तिनं कनवटीतून रक्ताळलेला कापसाचा बोळा काढला, सकाळच्या इंजेक्शनचा. "आपलं रंगत कोठेबी टाकू नये, भाऊ. कोन्ही करनी करस. म्हनीसन तापीमा सोडाले ठेवं व्हतं." रंगत म्हणजे तिच्या बोलीत रक्त; त्यावर कुणी करणी करू नये म्हणून बोळा ती तापी नदीत सोडणार होती.

सुई काढताना सांडलेलं औषध त्या बोळ्यात मुरलं होतं! योगराज कपाळावर हात मारून हसला, हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बोळा बाहेर नेला, तिला हात धुऊन दुसरं लुगडं नेसायला लावलं आणि पुन्हा चित्र घेतलं. कंबर लख्ख!

सुषमाबेननी चित्र पाहून ऑपरेशनचा दिवस ठरवला. धुडकू लहान पोरासारखा हुंदके देत रडला.

आता मला इथं येऊन दोन वर्षं झाली. रोज नवी माणसं येतात, माझ्या गार खोलीत कुडकुडत, देवाचं नाव घेत. माझ्या चित्रात डाग उमटला तर घाबरून जाऊ नका; मी डाग दाखवतो, तो कशाचा हे माणसानंच माणसाला विचारायचं असतं. आणि रोग असलाच तर मी तो झाकणारही नाही. तेव्हा हाताला गाठ लागली की लपवू नका, लाजू नका, लवकर या. भागीरथी वाचली, कारण ती वेळेत आली होती.