जुनी फाईल

केजच्या कॉलेजात नवं नवं इंटरनेट आलं, तवाची गोष्ट. प्रणितानं आपल्याशी लग्नाला नकार दिला, म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या शिवलिंगनं तिचा वेळेत आलेला प्रवेशअर्ज उडवला. पण अर्ज आल्याची नोंद सर्व्हरच्या फाईलीत राहिली. ती फाईल गच्च भरली की नवी सुरू व्हायची आन जुनी आपोआप पुसली जायची.

प्रणिता रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. "शिवलिंगदादा, नोंद घावली तर प्रवेश देतो म्हणले सर."

"बस की. तेच शोधायलो."

त्यानं एक कळ दाबून धरली. कॉलेजचं पान सारखं उघडत राहिलं, दर खेपेची नोंद पडून फाईल फुगली, जुनी पुसली गेली.

"ये, सोताच्या डोळ्यानं बघ. हाय का कुठं?"

"न्हाई. लई तरास दिला तुमाला, दादा."

"तरास कसला? आता लगीन करून टाक."