आखडणाऱ्या पायांचे पान

मित्रांनो, मी एक जुने वेबपान आहे. फिकट निळा रंग, जाड अक्षरे आणि मधोमध सहा वर्षांच्या एका मुलीचा फोटो, एवढाच माझा पसारा.

मला घडवले त्या मुलीच्या मावशीने. ती टायपिंग शिकवायची. इंटरनेट तेव्हा नवेच होते. टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचे आणि घरात कोणी फोन उचलला की तुटायचे. मुलीचे पाय चालता चालता अचानक आखडायचे. चार डॉक्टर झाले. "असा आजार मी पाहिलेला नाही," चौथे म्हणाले. मग आई सांगत गेली, मावशी इंग्रजीत टाइप करत गेली. शेवटची ओळ होती, 'तुमच्या घरी असे कोणी आहे का?'

माझ्या तळाशी भेटींचा आकडा होता. महिन्याने तो एकतीस झाला.

"एकतीस जणांनी वाचलं!" आई हरखली.

"अगं, तीस वेळा मीच उघडलंय," मावशी म्हणाली.

मी ओशाळलो नसतो तर नवल. माझा पत्ता कुणाला ठाऊक असणार? तेव्हा पानांच्या याद्या माणसे हाताने करत. मावशीने अशी यादी करणाऱ्या एका ग्रंथपालांना लिहिले आणि त्यांनी मला यादीत घेतले.

सातव्या महिन्यात दूरदेशीच्या एका सुताराची ईमेल आली. त्याच्या मुलालाही हेच होते आणि तिथले एक डॉक्टर हा आजार ओळखत होते.

"तो मुलगा पळतो का गं?" मुलीने विचारले. आईने तेच लिहून पाठवले.

उत्तर आले, "औषध सुरू झाल्यापासून पळतो. ऐकत मात्र नाही."

आई हसता हसता रडली. मग तेच औषध मुलीलाही सुरू झाले.

पुढे शोधयंत्रे आली आणि लोक आपणहून येऊ लागले. दोनशे बारा कुटुंबांची पत्रे मावशीने माझ्या शेजारच्या पानावर लावली. मग गप्पांच्या मोठमोठ्या साइट निघाल्या, सगळे तिकडे गेले. मी ओस पडलो. मावशीही वारली. आम्हां पानांना इंटरनेटवर फुकट जागा देणारी कंपनी बंद होणार, ही सूचना तिच्याच पत्त्यावर गेली. उघडणार कोण?

दोन दिवस उरले असताना एक बाप मला शोधत आला. त्याच्या लहानग्या लेकीलाही हाच आजार असल्याचे नुकतेच कळले होते. कंपनी बंद होणार हे कळताच त्याने घाईघाईने माझी प्रत काढली आणि मला नव्या जागी नेले. पत्रांचे पान मात्र काही केल्या उघडेना. ते गेले ते गेलेच.

मित्रांनो, इंटरनेटवरचे सगळे कायम राहते असे समजू नका. कोणीतरी सांभाळते म्हणून ते राहते. उपयोगी पडलेल्या पानाची प्रत आजच काढून ठेवा. आणि लिहिणाऱ्याला दोन ओळी कळवा. पानही बिचारे वाट पाहत असते.