सरळ केलेली चूक

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की कापून होते न होते तोच माझ्या बायकोने, मार्लिसने, लॅपटॉप उघडला. निम्मं आयुष्य मोटेलच्या काउंटरवर काढून ती आता प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला जात होती. सोमवारी पहिली परीक्षा.

"लोवेल, ही तुमच्याच लोकांची पानं ना? इथे वरच्या नमुन्यावर 'चूक' लिहिलंय, खालच्यावर 'बरोबर'. मला तर दोन्ही सारखेच दिसतात रे."

लोवेल तिचा धाकटा भाऊ. ती शिकत होती त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची माहितीपुस्तिका सांभाळणाऱ्यांपैकी एक, आणि तोरा केवढा! उन्हाळ्यात त्याने एक प्रोग्रॅम लिहून पुस्तिकेतल्या सगळ्या नमुन्यांच्या ओळी एका फटक्यात नीट लावल्या होत्या आणि कौतुकाचे निरोप आम्हाला वाचून दाखवले होते. त्या भाषेत ओळ समासापासून किती आत आहे, यावर अर्थ ठरतो.

त्याने मानसुद्धा वळवली नाही. "अगं, वरच्यात एक ओळ आत सरकवलेली नाहीये. चष्मा बदल, नाहीतर आपलं मोटेलच बरं."

टेबलभर हशा पिकला. मीही हसलो.

मार्लिसने लॅपटॉप मिटला. "खरंय. हे माझ्या डोक्याचं काम नाही. सोमवारी वर्गातून नाव काढून घेते."

जेवणानंतर सगळे हॉलमध्ये फुटबॉल बघायला बसले. लोवेलला वाईट वाटलं असावं. तिला समजावून सांगायचं म्हणून त्याने ते पान उघडलं आणि बघतच राहिला. मी शेजारीच होतो. दोन्ही नमुने हुबेहूब एकच होते.

"हे मीच केलं," तो पुटपुटला. नमुने नीट लावणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमने, शिकवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली चूकही सरळ करून टाकली होती. तेव्हापासून ते पान वाचून किती जणांनी स्वतःलाच मठ्ठ समजलं असेल! त्याचे कान लालबुंद झाले. मला माझंच हसू आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो स्वयंपाकघरात गेला, मी त्याच्या मागे. मार्लिस भांडी घासत होती.

"मार्लिस, तुझंच बरोबर होतं. दोन्ही सारखेच आहेत. माझ्या हातून झालं ते." नळाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं.

तिने नळ बंद केला. "हसलास तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल. आता का रे इतका हळू बोलतोस?"

लोवेल हॉलमध्ये गेला आणि त्याने टीव्ही बंद केला. सगळे ओरडले. मार्लिस दारात हात पुसत उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग मीही जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो.