बोलण्याइतक्या अंतराची लेन्स

बर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात जितेंद्र आता मला ओळखायला लागला होता. आधी दोनदा मी नुसती चौकशी करून परतले होते. या वेळी मला पाहताच त्यानं काउंटरमागचं स्टूल उचलून बाहेर ठेवलं.

"बसा काकू. आज घेता, का आजही पाहूनच जाता?"

"घेते," मी म्हणाले.

कॅमेरा ठरला होता. कोणीतरी वापरून विकलेला, पण जपून वापरलेला. सगळे आता नव्या धाटणीचे हलके कॅमेरे घेतात, म्हणून हे जुने डीएसएलआर पेन्शनवाल्यांच्याही आवाक्यात आले, असं जितेंद्रनंच सांगितलं होतं. राहिली होती ती लेन्स.

"कॅमेऱ्यात नका पैसा घालू, लेन्समध्ये घाला. कॅमेरा काय, नुसता डबा असते," तो म्हणाला. "पण काढायचं काय हाय ते तर सांगा. लग्न? पक्षी? नातवंडं?"

"दूरचं काढायचं आहे."

"दूरचं म्हणजे?"

"तलावाच्या एका काठावर बाक आहे. तिथून पलीकडच्या झोक्यापर्यंत."

"झोक्यावर कोणता पक्षी येते, काकू?" तो हसला.

झोक्यावर येते ती नूपुर, माझ्या सौरवची मुलगी. अपघातात सौरव गेला तेव्हा ती भिंतीला धरून उभं राहायला शिकत होती. पुढं माझ्या सुनेनं, श्वेतानं, धम्मदीपशी लग्न केलं. विहारात साधंसं लग्न झालं. श्वेताच्या केसांत मोगरा मीच माळला होता आणि मनापासून माळला होता. तेव्हा चार मोठी माणसं म्हणाली, काही दिवस पोरीला नव्या घरात रुळू द्या. त्यात चुकीचं काही नव्हतं. फक्त ते काही दिवस कधी संपले, हे मला कोणी सांगितलं नाही. मला कोणी येऊ नका म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. फोन आधी सणावारी होत, मग तेही राहून जाऊ लागले.

विहारात अंजनाबाई एकदा म्हणाल्या, "तुही नात दिसली वं सक्करदऱ्याच्या बागेत. दर रविवारी आणतात म्हणे तिले." मग मी मनीषनगरहून बस बदलून तिथं जाऊ लागले. तलावाच्या पलीकडच्या काठावर बसायचे. मोबाईलमध्ये फोटो काढायचे. घरी येऊन बोटांनी मोठा करून पाहिला की नूपुरच्या चेहऱ्याचे रंगीत चौकोन होऊन जायचे. नाक नाही, डोळे नाहीत. तिचे पुढचे दात पडलेत की नाही, एवढंसुद्धा कळत नसे.

मला तिचा चेहरा हवा होता. बाकी कोणाला त्रास द्यायचा नव्हता.

जितेंद्रनं दोन लेन्स समोर ठेवल्या. एक लांबलचक, दंडगोल. दुसरी बुटकी, लोणच्याच्या छोट्या बरणीएवढी. दोन्ही जुन्याच. त्यानं टॉर्च मारून काचेतून आरपार दाखवलं. "पाहा, बुरशी नाही. जुनी लेन्स घेताना पयले हे पाहायचं." लांब लेन्स कॅमेऱ्याला बसवून त्यानं मला दुकानाच्या दारात उभं केलं. "ही तुमची. इथून समोरच्या माणसाच्या मिशा मोजा."

मी डोळा लावला. रस्त्यापलीकडचा मेट्रो स्टेशनचा जिना एकदम तोंडापाशी आला. जिन्याच्या कठड्याला टेकून एक मध्यमवयीन माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. त्याचे ओठ हलत होते. फोन नव्हता त्याच्याकडे. तो कोणाला तरी काहीतरी सांगायची तालीम करत होता. एकदा हसून सांगितलं. जमलं नाही. मान हलवून पुन्हा, हसणं काढून. मग आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, म्हणून त्यानं इकडंतिकडं पाहिलं. थेट माझ्याकडंही पाहिलं आणि त्याला मी दिसलेच नाही.

"दाबा ना, काकू!"

मी दाबलं. जितेंद्रनं पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. एकदम स्वच्छ. डोळ्यांतलं ओशाळलेपणसुद्धा आलं होतं.

"वा! एक नंबर. अन् गड्याले पत्ताच नाही!"

माझे कान तापले. सकाळी, उजाडताना, रोजच्यासारखी मी वंदना घेऊन पाच शीलं म्हटली होती. जे दिलेलं नाही ते मी घेणार नाही, हे त्यातलंच एक. इतकी वर्षं ते म्हणताना माझ्या मनात भाजीवाल्याकडची जास्तीची मिरची नाहीतर ऑफिसातलं पेन यायचं. या माणसाचा चेहरा मी घेतला होता. आणि रविवारी तेच करायला जाणार होते.

"पुसून टाका तो," मी म्हणाले.

"काहून? चांगला तर आला."

"पुसा, भाऊ."

त्यानं पुसला. मी स्टुलावर येऊन बसले. मग बुटक्या लेन्सकडं बोट केलं. "हिचं काय?"

"ही पन्नास एमएमवाली. स्वस्त हाय, संध्याकाळच्या उजेडातही मस्त काढते, हात थरथरला तरी भागून जाते. पण काकू, हिच्यात झूम नाही. तुमच्या तलावापलीकडून काहीच दिसणार नाही. पायानं जवळ जा लागते."

"किती जवळ?"

त्यानं काउंटरमागून माझ्या स्टुलाकडं पाहिलं. "हे आपण बसलो ना, एवढं. बोलता येते तेवढं."

मी तीच घेतली. तो बांधून देतानाही म्हणत होता, "बदलायची असली तर आठवड्यात या. तुमचं काम लांबचं हाय, मी सांगून राहिलो ना."

घरी आल्यावर पिशवी टेबलावर ठेवून मी बराच वेळ फोनकडं पाहत बसले. स्वयंपाकघरात जाऊन वाक्य म्हणून पाहिलं. मग लावला.

"आई?" श्वेताचा आवाज दचकलेला होता. "तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. मी कॅमेरा घेतला."

"कॅमेरा? तुम्ही?"

"नूपुरचा फोटो काढावा म्हणते. तू हो म्हणत असशील तर."

"असं काय विचारता, या ना. रविवारी आम्ही सक्करदऱ्याले..."

"माहीत आहे," मी म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं. "मी येऊन बसत होते पलीकडं."

फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मग हाक काहून नाही मारली, आई?"

याची तालीम मी केली नव्हती.

रविवारी मी बाकाच्या काठानं न जाता झोक्याच्या काठानं गेले. धम्मदीप उठून उभा राहिला, "जयभीम, आई" म्हणाला आणि फुटाणे आणतो म्हणून शहाण्या माणसासारखा निघून गेला. श्वेतानं नूपुरचा झोका थांबवला. "नूपुर, ह्या आजी."

"आजी तर घरी हाय," नूपुर म्हणाली.

"ह्या पण आजीच."

नूपुरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढचा एक दात पडला होता, दुसरा तिरपा उगवत होता. डोळे सौरवचे नव्हते, श्वेताचेही नव्हते, तिचे स्वतःचे होते. मी कॅमेरा काढला. खरोखरच, बोलता येईल एवढंच अंतर होतं.

"काढू का गं तुझा फोटो?"

"नाही."

"नूपुर!" श्वेता म्हणाली.

"नाही ना! मी झोका खेळून राहिली." मग माझ्या हाताकडं बघत, "तुम्हाले झोका देता येते का?"

"येतो."

"मग ते ठेवा. दोन्ही हातांनी द्या लागते."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मागून चेहरा दिसत नाही. दोन वेण्या दिसत होत्या आणि मानेवर पावडरचा पांढरा पट्टा. त्या घरच्या आजीनं लावला असणार, जाडसर, घाईनं. झोका येई, तिची पाठ माझ्या तळव्यांना लागे आणि सुटून जाई. "जोरात," ती म्हणे. मी जोरात देत होते. हात भरून आले तरी थांबले नाही, कारण थांबल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

बागेतले दिवे लागले. धम्मदीप फुटाण्याचे पुडे घेऊन लांब उभा राहिला. नूपुर उडी मारून उतरली आणि त्याच्याकडं पळाली.

"निघाला का फोटो?" श्वेतानं विचारलं.

"ती नाही म्हणाली."

"लहान हाय ती. एखादा काढून घ्यायचा होता, तिले कळलंही नसतं."

मी पिशवीची चेन लावली. "पुढच्या रविवारी येऊ?"

श्वेता झोक्याची साखळी धरून उभी होती. "पुढच्या रविवारी आम्ही पारशिवनीले जाऊन राहिलो. यांच्या मावशीकडं." साखळी सोडून म्हणाली, "त्याच्या पुढच्या रविवारी या."

गाडीवर नूपुर दोघांच्या मध्ये बसली. तिनं वळून पाहिलं नाही. ती फुटाणे खात होती. बसथांब्यावर मी एकटीच होते. त्याच्या पुढचा रविवार पौर्णिमा झाल्यावर येतो, एवढं मनात मांडून मी बसची वाट पाहत उभी राहिले.